वस्तीवरची तीन मतं

सैन्यातून सुभेदार होऊन आलेल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे वर्षातून दोनदा त्याचं भाषण ऐकावं लागतं. सव्वीस जानेवारीला एकदा आणि पंधरा ऑगस्टला एकदा. आमचे हे, लालासाहेब, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, छातीवर पदकं लावून शाळेच्या मैदानात उभे राहतात आणि पोरांना सांगतात की या देशात कारखान्याच्या चेअरमनला एक मत आहे आणि ऊस तोडणाऱ्यालाही एकच मत आहे. मग टाळ्या पडतात. मी बायकांच्या घोळक्यात बसून टाळ्या वाजवायचे आणि खरंच सांगते, मला या माणसाचा अभिमान वाटायचा.

यंदाच्या टाळ्या मी वाजवीन असं वाटत नाही. त्यांनाही भाषण जमेल का, कुणास ठाऊक.

आमचं गाव पलूसपासून जवळच. खालच्या अंगाला नुसता ऊस, वरच्या अंगाला माळ. माळावर धनगरांची वस्ती. एके काळी मेंढरं घेऊन मुलूख पालथा घालणारी माणसं, आता थोडी मेंढरं आणि थोडी शेती करून तिथंच राहिलेली. आमचा मळा वस्तीच्या पायथ्याला लागून, म्हणून आम्ही आणि ते एकाच वॉर्डात, मतदानाला शाळेच्या एकाच खोलीत. आमचा मुलगा ऋषिराज सैन्यात, सून त्याच्याजवळ. त्यामुळे घरात मतं दोनच, यांचं आणि माझं.

मागच्या पंचवार्षिकला वस्तीसाठी पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन मंजूर झाली आणि ती नानासोंच्या मळ्यापर्यंत येऊन थांबली. नानासो म्हणजे आमच्या गावचे कर्तेधर्ते. ग्रामपंचायत कित्येक वर्षं त्यांच्याच घरात आहे, कधी भावाच्या नावानं तर कधी पुतण्याच्या. लाइन तिथंच का थांबली, असं कुणी विचारलं नाही. वस्तीवरच्या बायका अजून आमच्या बोअरवर येऊन घागरी भरतात आणि चढ चढून जातात.

यंदा सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. लगेच एका संध्याकाळी स्वप्नाली आमच्याकडे आली. आप्पासोची लेक. आप्पासो म्हणजे वस्तीवरच्या बिरोबाचा पुजारी. ही पोरगी सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात शिकली आणि आता तिथंच एका क्लासमध्ये गणित शिकवते, रोज एसटीनं जाऊन-येऊन.

"काका, मी सरपंचाचा फॉर्म भरणार हाय," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "अजून घरात बोलले न्हाई. आप्पा घाबरत्याल. तुमी भाषणात सांगत आलासा, म्हणून पयल्यांदा तुमालाच सांगायला आले."

हे खुर्चीतून ताडकन उठले. "भर! बिनधास्त भर. मी हाय."

तिनं यांच्या पाया पडून घेतलं, मला मिठी मारली आणि गेली. त्या रात्री यांना भाकरी दोन घास जास्तच गेली.

दोन-चार दिवसांनी नानासो चहाला आले. निवडणूक आली की ते घरोघरी चहा घेतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "वस्तीवर काय हालचाल, लालासाहेब?"

यांना राहवेना. पोटात गोष्ट ठेवायची सवय देशासाठी लावून घेतलेली, गावासाठी नाही. "नानासो, ह्या टायमाला वस्तीवरनंच फॉर्म येतोय बघा. आपल्या आप्पासोची पोरगी. आमच्याच हाताखाली तयार झाल्या."

मी स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले, पण तोवर बोलून झालं होतं. नानासोंनी चहा अगदी शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि कपबशी सावकाश खाली ठेवली.

"चांगलं हाय की," ते म्हणाले. "पर दोन फॉर्म आलं की दोन गट पडत्यात. पोरं एकमेकांची डोकी फोडत्यात, मग पोलीस, मग कोर्ट. तुमी सैन्यातली माणसं, तुमाला एकीचं म्या काय सांगायचं? वस्ती तुमच्या शब्दाबाहिर न्हाई. गाव जिला उभी करंल तिलाच मत, एवढा भंडारा तेंच्याकडनं उचलून घ्या. पोरगीचं फुडच्या टायमाला बघू. सदस्य करू तिला. ह्ये काम गावात दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई, लालासाहेब."

हरभऱ्याच्या झाडावर चढवावं तर नानासोंनीच. आणि आमचे हे चढले. मी डोळ्यांनी बघितलं, चढताना छाती कशी फुगली होती ती.

भंडारा म्हणजे बिरोबापुढची हळद. ती तळहातावर घेऊन शब्द दिला की वस्तीवर तो शेवटचा. बांधाची भांडणं त्यावर मिटतात, सोयरिकी त्यावर ठरतात. भंडारा उचलून शब्द फिरवला असा माणूस मी तरी या माळावर बघितलेला नाही. नानासोंना हे ठाऊक होतं, आणि यांनाही.

नानासोंची गाडी वळते न वळते तोच मी सुरू झाले. "तिनं इस्वासानं तुमाला सांगितलं. बापाला न्हाई सांगितलं, तुमाला सांगितलं. आन् तुमी तिच्याच मान्सांचं हात बांधायला निघालासा?"

"हात बांधायचा न्हाई गं. एकी करायची हाय. पोरगीला काय कळतंय राजकारण? आपटंल उगंच."

"मग तिला 'भर' कशाला म्हणालासा?"

यावर ते बाहेर जाऊन बोअरची मोटार बघायला लागले. मोटार व्यवस्थित चालू होती. मी आणखी बोलायला हवं होतं, वस्तीवर जाऊन सांगायला हवं होतं. मी नुसती भांडी आपटली. एवढीच आमची मर्दुमकी, नवरा-बायकोची.

रविवारी हे वर गेले. स्वप्नालीचा त्या दिवशी सांगलीत जादा तास होता. सगळी वस्ती देवळापुढं जमली, कारण सुभेदार बोलावतोय म्हणजे काहीतरी भलं असणार. यांनी गावाच्या एकीवर भाषण केलं. मग स्वतःच पहिल्यांदा हात पुढं केला, आप्पासोनं त्यावर भंडारा ठेवला, आणि हे म्हणाले, "गाव जिला उभी करंल तिलाच माजं मत. मोडलं तर बिरोबा बघून घेईल." मग एकेक जण आला. म्हातारे, तरणे, बायका, सगळ्यांच्या तळव्यावर आप्पासोनं आपल्या हातानं हळद ठेवली आणि शेवटी स्वतः घेतली; लेकीचा बेत त्याला अजून ठाऊकच नव्हता. गाव म्हणजे कोण, असं एकानंही विचारलं नाही. सुभेदारावर भरवसा होता.

चारच दिवसांत गाव म्हणजे कोण ते कळलं. नानासोंची सून शिवांजली उभी राहिली. बाई वाईट नाही, हसतमुख आहे, पण निम्मं वर्ष ती सांगलीतल्या फ्लॅटवर असते आणि गावातला माळ कुठल्या बाजूला हे तिला कुणीतरी दाखवावं लागेल.

स्वप्नालीनं तरी फॉर्म भरला. भंडाऱ्याचं तिला त्या रविवारी संध्याकाळीच कळलं होतं आणि ती धावतच आमच्याकडे आली होती. तिला पायवाटेवर बघून हे गोठ्याच्या दारानं बाहेर पडले आणि उसात गेले. सीमेवर उभा राहिलेला माणूस, चोवीस वर्षांच्या पोरीला भिऊन उसात लपला. मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं नाही.

"काकी, काका कुठं हाईत?"

"बाहिर गेल्यात," मी म्हणाले. उसाची पानं हलत होती. तिनं ती बघितली असावीत, पण ती पोरगी संस्काराची, काही बोलली नाही.

"तुझं एक मत माझ्याकडनं," मी म्हणाले. "म्या काय भंडारा उचललेला न्हाई."

ती हसली. त्या हसण्यानं मला जास्तच लाज वाटली.

मग ती आपल्याच वस्तीत घरोघर फिरली. सुट्टी टाकून फिरली. क्लासमध्ये समजावते तसं समजावत होती, की मशीन एकटं असतं, खोकं आडवं लावलेलं असतं, कुणाचं बटण कुणाला दिसत नाही. "मत गुप्त असतंय," ती म्हणायची. "कोण बघत न्हाई."

तिच्या सख्ख्या आईनं, धोंडुबाईनं, चुलीपुढून मान वर न करता सांगितलं, "बिरोबा बघतोय की गं बाय."

आप्पासो त्या दिवसांत लेकीशी बोलतच नव्हता. रागानं नव्हे. बोलायला गेला की त्याचा आवाज फुटायचा नाही, असं धोंडुबाई मला बोअरवर सांगायची. मी घागर तिच्या डोक्यावर ठेवायला हात लावायचे आणि तिच्या तोंडाकडं बघायचं टाळायचे.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच जाऊन स्वप्नालीचं बटण दाबलं. माझ्या मागोमाग हे गेले. बाहेर आले ते सरळ घराकडं चालायला लागले. मी विचारलंही नाही. भंडारा उचललेल्या माणसाला काय विचारायचं?

मोजणी पलूसला झाली. आणि झालं असं की कुणालाच वाटलं नव्हतं ते झालं. गावानं स्वप्नालीला भरभरून मतं दिली. नानासोंच्या दारात वर्षानुवर्षं उभ्या राहून कंटाळलेल्या बायका, ज्यांच्या उसाला तोडणीची टोळी वेळेवर मिळत नव्हती ते शेतकरी, नोकरीसाठी वणवण करणारी पोरं, सगळ्यांनी मुकाट्यानं बटण दाबलं होतं. शेवटी एकाच वॉर्डाचं मशीन राहिलं होतं, वस्तीचं आणि आमचं. ती पुढं होती. वस्तीनं आपल्या माणसाला मत दिलं असतं तर गुलाल माळावर गेला असता.

त्या मशीनमध्ये तिला तीन मतं पडली.

बाकीची सगळी शिवांजलीला. वॉर्डावॉर्डाचा आकडा तिथंच मोठ्यानं वाचतात, त्यामुळे लपायचा प्रश्नच नाही. नानासोंच्या पोरांनी फटाके लावले आणि एकजण ओरडला, "बापाचंबी मत पडलं न्हाई गड्या!" लोक हसले. स्वप्नाली तहसीलच्या फाटकातून एकटीच बाहेर पडली आणि एसटी स्टँडकडं चालत गेली. मी तिथं होते. मला तिला हाक मारायचं धैर्य झालं नाही.

इथवरची लाज पुरेशी होती असं मला वाटलं होतं. पण नाही.

वस्तीवर मतांचा हिशेब सुरू झाला. तीन मतं पडली. एक पोरीचं स्वतःचं, तिनं तर भंडारा उचललाच नव्हता. मग राहिलेली दोन कुणाची? सुभेदाराचं म्हणावं तर त्यानं सगळ्यांच्या आधी हात पुढं केलेला. एक सुभेदारणीचं असं पोरगी सांगत होती, पण बाई नवऱ्याच्या बाहेर कशी जाईल? म्हणजे वस्तीतल्याच दोघांनी भंडारा मोडला. आणि असे दोघे कोण असणार? आई आणि बाप. वस्तीची जाणती माणसं येत्या रविवारी देवळापुढं बसणार होती. ज्याच्या हातानं भंडारा वाटला त्यानंच मोडला असेल तर बिरोबाची पूजा त्याच्याकडं राहणार नव्हती. आप्पासोच्या घरात ती त्याच्या पणज्यापासून होती.

हे मला धोंडुबाईनं त्याच रविवारी सकाळी बोअरवर सांगितलं. "आमी दोगांनीबी न्हाई वो मोडला, सुभेदारीणबाई," ती म्हणाली. "पोटच्या पोरीला पाडलं आमी. आन् आता म्हणत्यात, मोडला."

मी तशीच घरात गेले. हे जेवायला बसले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "एक मत माझं हुतं. दुसरं कुणाचं वो?"

यांचा हात ताटातच थांबला. मी वाट बघितली. मग माझ्या लक्षात आलं.

"तुमी?"

"आत गेलो," ते ताटाकडं बघत म्हणाले, "तिचं नाव बघितलं आन् हात तिकडंच गेला. मन खाईत हुतं गं. वाटलं, एक तरी तिला पडू दे. कोणाला कळणार हुतं?"

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरंच वाटलं. माझा माणूस अगदीच गेलेला नाही, असं वाटलं. मग ते शेवटचं वाक्य कानात उतरलं आणि माझं डोकं भणाणलं. अख्ख्या वस्तीला बिरोबा बघत होता. यांना एकट्यांनाच कुणी बघत नव्हतं.

"उठा," मी म्हणाले. "हात धुवा आन् चला."

"जेवून..."

"उठा!"

देवळापुढं वस्ती जमली होती. आप्पासो देवळाच्या पायरीखाली उभा होता, पायरीवर नाही. त्याच्या एका बाजूला धोंडुबाई, आणि थोड्या अंतरावर स्वप्नाली. आम्हाला बघून दोघं-तिघं उठले आणि यांना बसायला घोंगडं पुढं केलं. हे बसले नाहीत, एवढं मात्र केलं.

मी आधी बोलले. "त्या दोन मतातलं एक माझं हाय. म्या नवऱ्याला विचारून मत देत न्हाई." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. म्हातारे खाकरले. मग मी बाजूला झाले आणि यांच्याकडं बघत राहिले. यांनी दोनदा घसा साफ केला. मैदानावर हजार पोरांपुढं न अडखळणारा हा माणूस.

"दुसरं माजं," ते म्हणाले. "भंडारा म्या मोडला. आप्पासोनं न्हाई."

 मग वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस हात जोडून म्हणाला, "आवं सुभेदार, आप्पासोला वाचवायला तुमी कशाला खोटं बोलताय? तुमी कसं मोडाल? तुमी तर आमच्या आधी उचलला."

चार माणसांनी माना डोलावल्या. एका बाईनं पदर डोळ्याला लावला, की बघा सुभेदाराचं मन केवढं मोठं. मला वाटलं, जमिनीनं आत घ्यावं. यांच्यावर आपली चूक सिद्ध करायची वेळ आली होती आणि समोरची माणसं त्यांच्या मोठेपणाला हात लावायला तयार नव्हती.

"खोटं न्हाई," हे जवळजवळ ओरडले. "खरंच मोडला. बिरोबाची आन!" आणि बिरोबाची आण घेतलीय हे लक्षात येऊन त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मग मात्र त्यांना पटलं. राग कुणालाच आला नाही. त्यांनी नुसत्या नजरा वळवल्या, एखाद्याचं धोतर चारचौघांत सुटावं आणि बघणाऱ्यांनी वळवाव्यात तशा. पुढं केलेलं घोंगडं कुणीतरी गुंडाळून घेतलं.

स्वप्नाली पुढं आली. ती रडत नव्हती.

"काका, तुमाला मोडता येत हुता," ती म्हणाली, "तर मग आमाला का बांधलंसा?"

 तिनं थोडा वेळ वाट बघितली. पोरं उत्तर देतील म्हणून ती फळ्यापुढं अशीच थांबत असेल. मग तिनंच सांगितलं.

"आमी मोडणार न्हाई, ह्ये तुमाला ठावं हुतं. म्हणून."

नानासोंचं नाव यांच्या ओठावर आलं असणार, मला कळलं. नानासोंनी सांगितलं म्हणून गेलो, असं म्हणायचं होतं त्यांना. पण तेवढी तरी लाज राहिली होती, त्यांनी ते गिळलं. ते आप्पासोकडं वळले आणि हात जोडायला लागले.

आप्पासोनं हात वर करून त्यांना थांबवलं. इतक्या दिवसांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. तो बारीक आणि खरखरीत झाला होता.

"सुभेदार, हात कशाला जोडताय? तुमी मोडला, पर माज्या लेकीला तुमचं मत तर पडलं. मी पाळला. बाप असून माजं पडलं न्हाई. आता मी तिच्याकडं कसं बघू, तेवढं सांगून जावा."